सुप्यात न थांबलेलं पाणी
सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाक्या गरम पाण्यानं धुतात. त्या कामाचा प्रोग्राम मी जामखेडला घरी बसून लिहिला. एक मुख्य प्रोग्राम आणि त्यानं सुरू केलेला दुसरा, छोटा. त्याचं पोरच म्हणा. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं हे पोराचं काम. ‘थांबा’ दाबलं की मुख्य प्रोग्राम पोराला सिग्नल पाठवणार, पोर आधी व्हॉल्व्ह मिटणार, मग स्वतः संपणार. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर हे कधीच चुकलं नव्हतं.

कारखान्यातला कॉम्प्युटर विंडोजचा. पहिल्याच चाचणीला मी ‘थांबा’ दाबलं. प्रोग्राम बंद झाला, पाणी पडतच राहिलं.

“सर, बंद करा!” टाकीजवळच्या ऑपरेटर बाई ओरडल्या. “भरत आली!”

“केलंय!”

“न्हाई झालं!”

वाफाळतं पाणी काठावरून सांडलं. दोघं फिटर मागं पळाले. बाईंनी मागच्या बाजूनं वळसा घालून हाताचा व्हॉल्व्ह गच्च फिरवला, तेव्हा कुठं पाणी थांबलं.

तो व्हॉल्व्ह काढून टाका, असं सकाळी मीच फिटरला सांगितलं होतं. बाईंनी काढू दिला नव्हता.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“ते ऱ्हाऊ द्या. आधी कशानं झालं ते बघा.”

मॅनेजरनं शिफ्ट सुटेपर्यंत वेळ दिला. नाहीतर माझा प्रोग्राम काढून आधीचं बटणांचं पॅनेल परत बसणार होतं. मी पाणी तोडून नुसता प्रोग्राम चालवत बसलो. वायरिंग तपासलं, पुन्हा तपासलं. दोन तास गेले. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

“चालू करताना स्क्रीनवर एक ओळ येती. बंद करताना का येत न्हाई?”

मी लॅपटॉपवर चालवून पाहिलं. तिथं ‘व्हॉल्व्ह मिटतोय’ अशी ओळ येत होती. इथं नाही. म्हणजे पोराला सिग्नल पोचतच नव्हता. लिनक्सवर त्याला ‘आवर आता’ असा निरोप जातो; विंडोजवर माझी तीच आज्ञा त्याला जागीच मारून टाकत होती. व्हॉल्व्ह मिटायला उरणार कोण?

मी सिग्नलचा नाद सोडला. दोघांमध्ये बोलायला एक वाट ठेवली: तिच्यातून ‘थांब’ आलं की पोरानं व्हॉल्व्ह मिटायचा, आणि मुख्य प्रोग्राम मरून वाटच तुटली तरी मिटायचा. गार पाण्यावर जमलं.

“आता मोठा प्रोग्राम मधीच बंद पाडा,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात व्हॉल्व्हवर होता.

गरम पाणी सोडलं. मी मुख्य प्रोग्राम मारला. एक सेकंद, दोन. धार बारीक झाली आणि तुटली. बाईंनी वाकून टाकीत पाहिलं, मग हात पुसले.

“अजून एकदा करा,” त्या म्हणाल्या.

शिफ्ट सुटेपर्यंत आम्ही तेच करत होतो. त्या आठवड्यातच मी एक जुना विंडोजचा कॉम्प्युटर घरी आणला. आता दोन्हीकडं बंद पाडून पाहिल्याशिवाय मी काही पाठवत नाही.