दाजींचं कार्ड

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही चांगलं नाही. पण आमच्या दाजींएवढा चिकट माणूस अख्ख्या मावळात झाला नसेल, हे कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मळवलीला रेल्वेत रुळांच्या कामावर होते. चपलेचा पट्टा तुटला की तार लावायचे, तार तुटली की सुतळी. पाहुण्याला चहा विचारायचे, तेही तो उंबऱ्याबाहेर पोचल्यावर. अक्का म्हणायची, "ह्यांनी कुनाला सर्दीसुदिक दिली न्हाई."

कोरोनात आमचं लोणावळ्यातलं दुकान बसलं. पर्यटकांना टोप्या, गॉगल, रेनकोट विकायचो, पर्यटकच येईनात. माझे मालक, म्हणजे माझे यजमान, गल्ल्यापाशी नुसते बसून राहायचे. बोलणं बंद, जेवण अर्धी भाकरी. कुणी पैसे देऊ केले तर ताटावरून उठायचे. त्यांना एकटं सोडायची मला भीती वाटायची.

बाजार चालावा म्हणून त्या दिवाळीला सरकारने आपल्या नोकरांना दहा हजारांचं कार्ड दिलं. ते दुकानातच खर्चायचं, मग तेच पैसे दर महिन्याला थोडे थोडे पगारातून कापून जायचे. अक्काला त्यात कपाट हवं होतं. दाजी कार्ड घेऊन आले ते आमच्या दुकानात. एक टोपी उचलली.

"केवढ्याला?"

"दीडशे," मालक म्हणाले.

"दीडशे? आत डोकं बी हाय का?"

"पाव्हणं, परवडत न्हाई. ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ कसं द्या? सरकारनं खर्चा म्हनलंय, लुटून घ्या न्हाई म्हनलं. सत्तर."

मालक तडक उभे राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मदत म्हणून दिलेला रुपया त्यांनी घेतला नसता, हे दाजींना पक्कं ठाऊक होतं. दुपारभर दोघे भांडले. दाजींनी एकेका रुपयासाठी जीव काढला आणि सगळं कार्ड आमच्याकडेच रिकामं केलं. मालक घरी आले ते शिव्या देतच, आणि शिव्या देता देता दोन भाकरी जेवले.

पुढे मळवलीत हसू झालं. दाजी फुलाफुलांची टोपी आणि गॉगल घालून कामावर जायचे. अक्काने कपाटापायी अबोला धरला. तिला एवढंच म्हणाले, "लय सवस्तात मिळालं."

दुसऱ्या लाटेत दाजी गेले. आम्हाला तोंडही बघायला मिळालं नाही.

दुकान पुन्हा चालू लागल्यावर मालक अक्काकडे गेले. कार्डाचे राहिलेले हप्ते आम्ही भरतो म्हणाले. अक्काने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"भरायचं काय ऱ्हायलं न्हाई, भाऊ. त्यांच्या मागं जे पैसे मिळायचे हुते, त्यातनं आफिसानं समदं कापून घेतलं. फिटलं."