गोठ्यात मिळालेलं उत्तर

माझी टॅमरआत्या लग्न होऊन टेकडीवरच्या रडेलांच्या घरी गेली, तेव्हा क्वेबेकच्या त्या रानात आम्हा आयरिश लोकांची जेमतेम चाळीस घरं होती. निम्मी आमची, प्रॉटेस्टंटांची, निम्मी कॅथलिकांची. समुद्र ओलांडून आलो, पण भांडण बरोबर घेऊनच आलो.

तिचा नवरा आयझॅक तोंडाळ. गुरांच्या बाजारात तो पोपबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलला, काठ्या निघाल्या आणि डोक्यात घाव बसून तो गेला. शेजारच्या कॅथलिक फेलिम टियर्नीवर खटला झाला. ज्यूरीतले सगळे त्याच्याच चर्चचे. साक्षीला आलेल्या एकालाही काही दिसलं नव्हतं. फेलिम सुटला.

माझे वडील आणि चार-पाच जण टियर्नींचं कोठार पेटवायला निघाले. आत्या वाटेत आडवी आली. “दादा, कोठाराला लागूनच घर आहे, तिथं त्याची म्हातारी आई आहे. माझं नाव घेऊन तिला जाळणार?” सगळे परतले.

त्याच हिवाळ्यात बर्फावर घसरून आत्याचा उजवा हात मोडला. सकाळी गोठ्यात जाऊन पाहते, तर फेलिमची आई ऑनोरा दूध काढत बसलेली.

“चालती हो!” आत्या ओरडली.

“कास तटलीय हिची. झालं की जाते.”

बादली उंबऱ्यावर ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हिवाळा असाच सरला. दोघींत चकार शब्द नाही.

हात बरा झाल्यावर आत्याही तिच्या बाजूच्या गाईपाशी दूध काढायला बसू लागली. एकदा तिनं विचारलं, “फेलिमनंच मारलं ना?”

ऑनोराचे हात थांबले. “हो. त्यानंच सांगितलं मला.”

“मग कोर्टात का नाही बोललीस?”

“मला कुणी विचारलंच नाही, पोरी. आणि विचारलं असतं तर खोटं बोलले असते. त्याला फासावर चढवलेलं मला बघवलं नसतं. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही.”

आयझॅक गेल्यापासून आत्या पहिल्यांदा रडली, गाईच्या पोटाला कपाळ टेकून. ऑनोरा जवळ आली नाही, पण उठूनही गेली नाही. शेवटी आत्याच म्हणाली, “चल घरात. चहा टाकते.”

फेलिम पुढं न्यूयॉर्कला गेला तो गेलाच. ऑनोराच्या म्हातारपणी तिची चूल आत्यानंच पेटती ठेवली. ती वारली तेव्हा आत्या शवपेटीमागून थेट कॅथलिक चर्चपर्यंत चालत गेली.

त्या संध्याकाळी मी आत्याकडे असताना आमचे पाद्री आले. “टॅमर, ज्यांनी तुझा नवरा मारला त्यांच्या दारात गेलीस?”

“ती रोज सकाळी माझ्या दारात येत होती, पाद्रीबाबा. तुम्ही किती वेळा आलात?”

टोपी उचलून ते निघाले. आत्यानं दार लावलं, त्यांच्यासाठी कापलेला पाव माझ्यापुढं सरकवला आणि डोळे पुसत म्हणाली, “घे, खा. पाद्रीबाबा काही खात नाहीत आता.”