राक्षसाचा उजवा पंख

माझ्या आतोबांनी नापास केली नाही अशी वस्तू या भूतलावर मला तरी माहीत नाही. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली आणि निवृत्त होताना ते खातं सोबत घरी घेऊन आले. तांबड्या पेन्सिलीचा एक तुकडा सदैव शर्टाच्या खिशात. घरातल्या डुगडुगत्या स्टुलावर, टवका उडालेल्या कपावर, नव्याकोऱ्या कपाटाच्या बिजागरीवर त्यांची तांबडी फुली असायचीच. माझ्या लग्नात त्यांनी आधी मांडवाचे खांब हलवून पाहिले आणि मगच वऱ्हाडाला आत बसू दिलं. अशा माणसाने आत्याला पसंत कसं केलं, हे मी तिला एकदा विचारलं होतं. "फुली आहे," ती म्हणाली, "तुला दिसत नाही इतकंच."

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ सुहास, नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. तिकडे म्हणे दर शनिवारी चांगली नोकरदार माणसं टेबलावर चिमुकल्या अंतराळ-सैन्यांच्या लढाया खेळतात, आणि ते सैन्य स्वतःच जोडून रंगवतात. दोन हजार चार साली ओळखीच्या कुणाबरोबर त्याने एक खोका पाठवला. आत रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा, एक पंखवाला राक्षस होता, सव्वीस करड्या तुकड्यांत, सोबत रंगांच्या बोटभर बाटल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, की बाबा, हा तुम्ही जोडा, दिवाळीत येतो, मग दोघं खेळू आणि जाताना त्याला माझ्या सैन्यात घेऊन जाईन. आतोबांनी ती चिठ्ठी चारदा वाचली आणि तिच्यात एकही चूक काढली नाही.

मग नाशिकच्या त्या दोन खोल्यांत पुन्हा कारखाना सुरू झाला. तुकडे आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे असतात. आतोबांनी ते आत्याच्या रेशमी साड्यांसाठी ठेवलेल्या रिठ्यांनी धुतले. शेपटी वाकडी निघाली, ती चहाच्या पातेल्यात गरम पाण्यात धरून सरळ केली. तेव्हापासून ते पातेलं राक्षसाचंच झालं. प्रत्येक सांध्याला झटपट गोंदाचा एक थेंब लावायचा, मनात वीस मोजायचे, की पास. पण राक्षसाच्या अंगभर बारीक खड्डे आणि चिरा होत्या. आतोबा हळहळले. "ओतकाम अगदीच टाकाऊ आहे रे," ते मला म्हणाले, "पोराला फसवलं कुणीतरी." महिनाभर गच्चीवर बसून, नाकाला ओला रुमाल बांधून, त्यांनी एकेक खड्डा रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात त्या लांबीने भरला आणि पॉलिश पेपरने घासला. शेवटी तो अक्राळविक्राळ प्राणी न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा गुळगुळीत झाला. त्याला विमानाचा राखाडी रंग दिला आणि डाव्या पंखावर भिंगातून पाहत, एका केसाच्या ब्रशने, खऱ्या विमानाच्या पंखावर असतं तसं, तांबड्या अक्षरांत लिहिलं: येथे पाय देऊ नये.

उजवा पंख मात्र बसवला नाही. शेवटचा सांधा गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय बंद करायचा नाही, असा त्यांचा जुना शिरस्ता होता, आणि गिऱ्हाईक दिवाळीत यायचं होतं. पहिल्या दिवाळीला सुहासला रजा मिळाली नाही. दुसरीला त्याने नोकरी बदलली. दर रविवारी त्याचा फोन येऊन गेला की आतोबा तो सुटा पंख कापसातून काढायचे, फुंकर मारायचे आणि परत ठेवायचे. मुलाची आठवण येते असं म्हणायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती. पण त्यांना ती फार यायची.

तिसऱ्या वर्षी सुहास नऊ दिवसांसाठी आला. आठ दिवस नातेवाईक, बँक आणि दाताचा डॉक्टर यांच्यात गेले. खेळ राहूनच गेला. नवव्या दिवशी सकाळी, मुंबईला न्यायला आलेली गाडी फाटकाशी उभी असताना, तो राक्षस हातात घेऊन बसला. बराच वेळ त्याने त्याच्या अंगावरून अंगठा फिरवला.

"बाबा, ते खड्डे मुद्दाम होते. याला रोग झालेला असतो."

आतोबांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "मग आता बरा झाला."

सुहास हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने उजवा पंख सांध्यावर धरला. आतोबांनी दोन ट्यूबा मिसळून गोंद कालवला, काडीने लावला आणि घड्याळ पाहिलं. "चोवीस तास हलवायचा नाही," ते म्हणाले. "आज नेता येणार नाही तुला."

"मग पुढच्या वेळी नेतो," सुहास म्हणाला.

"हं. ये आणि ने."

गाडी वळणाआड गेल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाच्या खिशात तांबड्या पेन्सिलीशेजारी झटपट गोंदाची नवी, न फोडलेली बाटली होती.

त्यानंतर सुहास तीनदा येऊन गेला. दोघं एकदा खेळलेसुद्धा, आणि आतोबांनी नियमांतच सात चुका काढल्या. राक्षस मात्र अजून नाशिकलाच आहे. सुहासच्या निघायच्या दिवशी सकाळी त्याच्यावर कुठेतरी एक नवी तांबडी फुली असते, आणि सुहास ती पाहून बॅगेची चेन लावतो आणि म्हणतो, "राहू दे मग, पुढच्या वेळी नेतो."