तंबाखूच्या गोदामातलं लग्न

आमच्या ताईचं ठरलेलं लग्न एकदा एका शिंकेपायी मोडलं होतं. साखरपुड्यात तिची ओटी भरताना आमचे काका शिंकले आणि मुलाकडची मंडळी चहाही न घेता उठली. त्यांना दुसरीकडचं स्थळ बरं वाटलं असणार हो, पण नाव आलं शिंकेवर. पुढे कितीतरी दिवस ताईने लग्नाचा विषयच काढू दिला नाही. मग हे दुसरं स्थळ आलं. मुलगा अंधेरीला एका कारखान्यात नोकरीला, हसरा, ताईला मनापासून आवडलेला. आणि नेमकी त्याची आत्या शकुन-अपशकुनवाली! बैठकीतच तिने बजावलं, "मुहूर्ताला कुणी शिंकलं, तर माझ्या पुतण्याला मी पाटावरून उठवणार." ताई तिथे हसली, पण घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. मी धाकटी, तेव्हा कॉलेजात होते. त्या आत्याचा मला असा राग आला की काय सांगू!

आम्ही घाटकोपरला राहायचो. ऐंशीच्या दशकातला मे महिना, मुहूर्त ठरलेला आणि मुलुंडपर्यंत एक हॉल रिकामा नाही. तेव्हा बाबा म्हणाले, "गोदाम आहे ना!"

आमच्या चाळीमागे विटांचं एक जुनं गोदाम होतं. इंग्रजांच्या काळात कुणा व्यापाऱ्याने तंबाखू साठवायला बांधलेलं, पुढे धंदा बसला आणि नुसतं उभं राहिलेलं. बाबा एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे. त्यांचं त्या गोदामावर प्रेमच होतं. पाहुणा आला की चहाआधी गोदाम दाखवायचे. "जोतं बघा, बरोबर बैलगाडीच्या उंचीचं! गाडी मागे लावली की पोती नुसती सरकवायची. आणि खाली एक तरी खिडकी आहे का? नाही! तंबाखू म्हणजे नाजूक बाई. सुकली तर भुगा, ओलावली तर बुरशी. म्हणून वर, कौलांखाली, विटांचीच जाळी ठेवलीय. भिंतीला गिलावासुद्धा नाही, कारण वीट श्वास घेते." पाहुणे माना डोलवायचे आणि चहाची वाट बघायचे. मला मात्र दारावरची कमान आवडायची. आडवं लाकूड नाही, काही नाही, विटा आपल्या एकमेकींना रेटून उभ्या होत्या.

मालक बाबांच्या ओळखीचे. ते म्हणाले, घ्या की, फक्त झाडून घ्या. आई तेवढी कुरकुरली. ती मालवणकडची, चिडली की थेट गावच्या बोलीत जायची. "तुमका विटांचां कौतुक, माका चेडवाच्या लग्नाची काळजी. थंय तंबाखूचो वास येता!"

वास होता, पण अगदी मंद, गोडसर. बाबांनी तिथेच गप्प बसायचं की नाही? पण नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी कुठूनसा पंप आणला आणि चाळीतल्या पुरुषांना घेऊन गोदामाला अंघोळ घातली. जाळी, छपराच्या लाकडी कैच्या, भिंती, सगळ्यांवर पाणी. विटांच्या फटीफटीत वर्षानुवर्षं बसलेली तंबाखूची धूळ तपकिरी ओघळांनी खाली आली. फरशीवर सायीसारखी पसरली, उन्हाळ्यात सकाळपर्यंत खडखडीत वाळलीही. बाबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "झकास!"

सकाळी वऱ्हाड आलं. त्या वाळलेल्या सायीवरून शे-दोनशे माणसं फिरली आणि पायांखाली तिची झाली तपकीर. वरून मांडववाल्याचे ते मोठाले पंखे! पहिली शिंक बँडवाल्याची. मग आचाऱ्याची, मग माझ्या मैत्रिणीची. मी मनात म्हटलं, वाट लागली! बाबांचा चेहरा पांढराफटक. गोदाम श्वास घेतं म्हणून जगाला सांगणाऱ्या माणसाने त्यालाच पाणी पाजलं होतं.  आई मग बायकांमधून फिरू लागली, प्रत्येकीच्या कानाशी एकच, "नाक धरा गो बायांनो, नाक धरा."

आणि खरंच सांगते, चाळीने साथ दिली. अंतरपाट धरला गेला तेव्हा एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हाताने नाक, अशी अख्खी आळी उभी. मामांनी मंगलाष्टकं नाकात म्हटली. काका तर आपणहून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, बिचारे. आत्या पुतण्यामागे ताठ उभी, पदर नाकाला. शेवटचं कडवं आलं. मी देवाला म्हटलं, एवढं पार पाड रे बाबा.

आणि ताई शिंकली.

नवरी स्वतःच! केवढ्याने! मुंडावळ्या उडाल्या. मामा गाता गाता थांबले. शेजारून मला ताईचे डोळे दिसत होते, भरून आलेले, आणि ते काही तपकिरीने नाही. आत्याने पदर बाजूला केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, "आक् छी!"

नवरदेव शिंकला होता. आत्या थबकली. त्याने लगेच दुसरी दिली, पहिलीपेक्षा मोठी. काहीतरी बोलायला आत्याने खोल श्वास घेतला आणि झालं! गोदामातली तपकीर थेट आत. ती शिंकली, पुन्हा शिंकली, शिंकतच राहिली. मग कोण नाक धरतंय? सगळं गोदाम शिंकू लागलं. त्या गदारोळात भटजींनी "सावधान!" ठोकून अंतरपाट ओढला. अक्षता पडल्या, हार पडले. आत्या डोळे पुसत होती, पण पुतण्याला उठवायचं राहूनच गेलं.

त्या गोदामाच्या जागी आता टॉवर आहे. बाबा अगदी शेवटपर्यंत त्याला "ती नवीन इमारत" म्हणायचे, तेही तोंड वाकडं करून. ताई आणि भावोजी बोरिवलीला असतात. परवा त्यांच्याकडे गेले होते. ताई फोडणी देताना शिंकली आणि बाहेरच्या खोलीतून लगेच भावोजींची शिंक आली. मी म्हटलं, "भावोजी, आता तरी सांगा, त्या दिवशीची खोटी होती ना?"

"छे गं," ते पेपरमागून म्हणाले. "तंबाखू किती होती तिथे!"

ताईने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "खोटीच होती. म्हणून तर मी हार घातला."