हत्तींच्या लढाईत जमलेली सोयरीक

पांढुर्ण्याचे पाहुणे मला पाहायला सौसरला येणार होते, त्या दिवशी आईचं लक्ष माझ्या साडीपेक्षा घड्याळाकडेच जास्त होतं. जग जिंकायला निघालेल्या यवन राजाची मालिका ती रोज सातला पाहायची, आणि आज नेमकी हत्तींची लढाई होती. म्हणूनच पाहुण्यांना चारला बोलावलं होतं. ते वाटेत जामसांवलीला दर्शनाला थांबले आणि ऐन सातच्या ठोक्याला दारात उभे राहिले.

बाबांनी खबरदारी म्हणून टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. मी पोहे घेऊन बाहेर आले. मुलाची आई माझ्याकडे पाहून हसली, मग चादरीकडे पाहत माझ्या आईला हळूच म्हणाली, "ताई, टीव्ही चालू आहे नं तुमचा? आज हत्ती येऊन राहिले."

आईनं चादर इतक्या जोरात ओढली की वरची फुलदाणी बाबांच्या मांडीवर पडली.

मग माझी चौकशी फक्त जाहिरातींत झाली. "स्वयंपाक येते नं तुले?" मुलाच्या आईनं विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत राजा घोड्यावर बसला आणि दोघी बाया पदर तोंडाला लावून पुढे सरकल्या.

मुलानं पाणी मागितलं. मी स्वयंपाकघरात गेले, तर तो मागोमाग आला. पाणी पिऊन झालं तरी परत जाईना.

"तुम्ही कोणाच्या बाजूनं?" त्यानं विचारलं.

"हत्तीवाल्या राजाच्या. तो आपल्याकडचा आहे. अन् तुम्ही?"

"मी घोड्याच्या. त्याचं कोणाशी भांडण नाही, तरी बिचारा इतक्या दूर आला."

मला इतकं हसू आलं की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. तोही हसत सुटला. हसता हसताच मी सांगून टाकलं, लग्न झालं तरी बोरगावची माझी नोकरी मी सोडणार नाही.

"नका सोडू नं. चहा मलेही बनवता येते."

बाहेर भाग संपला. "विहीणबाई," त्याची आई म्हणाली, "उद्याचा भाग आमच्याकडे पाहा. सगळेच या."

"पण पोरीले विचारलं का कोणी?" बाबा म्हणाले.

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलो होतो; सगळे आमच्याकडे वळले. "विचारलं," मुलगा म्हणाला.

त्यानं काहीच विचारलं नव्हतं. तरी मी "हाव" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढुर्ण्याला गेलो. ती लढाई कोणी जिंकली, ते मला आजही सांगता येत नाही.