पान लागलं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नाही. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज वगैरे हवं असेल तर हे पान उलटा. हे भर दुपारचं आहे... आणि यात गुन्हेगार मी आहे.

१९९४ साली शहापूर तालुक्यात, शेणव्याजवळ मी फार्महाऊस बांधलं. पावसाळ्यानंतर घराभोवती कमरेएवढं गवत माजायचं. जवळच्या पाड्यातला धर्मा सगळ्यांची वीसेक गुरं राखायचा. तो म्हणाला, "सायेब, गवत कापाया मजूर कशाला? माजी गुरां फुकट कापतील, वर शेण देतील!" तेव्हापासून रोज दुपारी फाटक उघडं. गुरं माझ्या अंगणात, धर्मा बाहेर आंब्याखाली आडवा.

२००१ च्या दिवाळीनंतर मला लॉनची हुक्की आली. सकाळी गवत मारायचं औषध फवारलं आणि फाटक तसंच उघडं टाकून मुरबाडला गेलो. धर्माला सांगायचं राहिलं — राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

परतलो तेव्हा एक तांबडी गाय तोंडाला फेस येऊन पडली होती.

"सायेब, हिला काय झाला?"

"पान लागलं असेल," मी पुटपुटलो. मला फवारलेल्या गवताचं पान म्हणायचं होतं. पण तिकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला की 'पान लागलं' म्हणतात. धर्माने कपाळावर हात मारला. मला त्याचा गैरसमज कळला... आणि सोयीचा वाटला. गप्प बसलो.

गाय मेली. ती धर्माच्या शेजारणीची. पाड्यासमोर ती कडाडली, "घोरत व्हतास ना रे मेल्या? गायीला पान लागला न् तुला पत्ता नाय?" राखण गेली. धर्मा वीटभट्टीवर गेला.

त्या दिवसापासून माझ्या अंगणात एक जनावर शिरलं नाही. फाटक काढलं, तारा काढल्या, तरी फाटकाच्या रेषेवर येऊन थांबायची. सातव्या वर्षी म्हशाच्या गुरांच्या जत्रेतून नवी आणलेली कालवडसुद्धा! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, औषधाचा वास. सात पावसाळे धुऊन गेले, कसला वास?

२००८ साली धर्मा भट्टी सोडून कायमचा परत आल्याचं कळलं. पाडा जमवून मी सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या, त्या माझ्या हक्काच्या होत्या. शेजारीण धर्माकडे बघेना. धर्मा एवढंच म्हणाला, "येक शब्द सुधरवाया सात वर्सां, सायेब?"

मग तो माझ्या अंगणात आला. विळ्याने कवळाभर गवत कापलं आणि रेषेबाहेर फेकलं. गुरं तुटून पडली, फस्त! त्याने त्या कालवडीचं दावं धरून तिला आत ओढलं. तिने चारी खूर रोवले, डोळे पांढरे केले. "नाय येत गो बाय? नको येऊ," म्हणून त्याने दावं सोडलं.

म्हणजे गवत चांगलं होतं. आजही आहे, कुणीही तपासून घ्या. अक्कल शिकवणाऱ्यांनी मला एकच सांगावं. मी काय केलं ते पाड्याला मी सांगितलं, तेही सात वर्षांनी. गुरांना कोणी सांगितलं?