डाकवाली बाई आणि तिचा साहेब

“काहून?” एवढंच ती विचारायची. हनुवटी जराशी वर, टपालाची पिशवी खांद्यावर आणि नजर थेट समोरच्याच्या डोळ्यांत. कुणी म्हटलं, बाई, कुत्र्याला बाहेर ठेवा. काहून? कुणी म्हटलं, बाई, आपल्या आजाराचं असं चारचौघांत बोलू नये. काहून? असा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल, पण बहुतेक लोक तो विचारतात आणि निघून जातात. ती उत्तरासाठी थांबायची.

आर्णी तालुक्यातल्या एका गावात मी शाखा डाकघराचा पोस्टमास्तर होतो. डाकघर म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली, एक टेबल आणि एक लोखंडी कपाट. टपाल वाटायला ती होती. जवळच्या तांड्यावरची, चाळिशीच्या आतली. गाव आणि आजूबाजूचे तीन तांडे मिळून रोज दहा-बारा किलोमीटर पायी फिरायची. सगळे तिला डाकवाली बाई म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणतो.

डाकवाला आणि कुत्रं यांचं नातं तुम्हाला माहीतच आहे. तिच्या आधीच्या डाकसेवकाच्या दोन्ही पोटऱ्यांवर त्या नात्याच्या खुणा होत्या. त्यामुळे एक दिवस ती कुत्रं सोबत घेऊन डाकघरात शिरली तेव्हा मला हसूच आलं. तांबूस, गावठी, एक कान फाटका. नाव विचारलं तर म्हणाली, साहेब. कुठून आणलं म्हटलं, तर म्हणाली, “म्या नाही आणलं, मास्तर. त्यानंच मले घरी आणलं.”

मग तिने सगळं सांगितलं. समोर दोन बाया आधार कार्डाची चौकशी करायला उभ्या होत्या, तरी आवाज खाली केला नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिचं बाळ गेलं होतं. त्यानंतर आठ महिने ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. घरच्यांनी अंगारे-धुपारे केले, बाहेरचं लागलं म्हणून एका बाबाकडे नेलं, त्याने मिरच्यांचा धूर दिला. शेवटी नवऱ्याने कुणाला न विचारता तिला मोटारसायकलवर बसवलं आणि यवतमाळला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी ती उठली, पुढे ही नोकरीही लागली. पण कधी कधी उजाड रस्त्यावर अचानक छाती दडपायची, हातपाय कापायचे, आता आपण मरतो असं वाटायचं. अशीच एकदा ती वाटेत पळसाखाली बसली. भाकरीच्या आशेने मागे फिरणारं एक कुत्रं आलं आणि सगळा भार टाकून तिच्या मांडीवर पडलं. तिने ढकललं, ते हललं नाही. त्याच्या पोटाच्या वर-खाली होण्याबरोबर तिचा श्वास हळूहळू जागेवर आला.

पुढे पुढे त्याला आधीच कळू लागलं. ती बोलता बोलता गप्प झाली की ते डोक्याने तिच्या गुडघ्याला ढुशा द्यायचं, ती खाली बसेपर्यंत सोडायचं नाही. तिने हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, शहरात अशा कामासाठी कुत्र्यांना मुद्दाम शिकवतात. याचा तिला फार अभिमान. सगळ्या गावाला सांगत फिरली की तिकडे कुत्र्यांची शाळा असते, आपला साहेब बिनशाळेचाच पास झाला.

माणसांशी ती वऱ्हाडीत बोलायची, कुत्र्याशी तिच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. त्याला रागावली तरी त्यात माया असायची.

भांडण मात्र कुत्र्यावरून सुरू झालं नाही. गावातल्या एका पुढाऱ्याच्या सुनेचं रजिस्टर पत्र आलं होतं. सून माहेरी शिकलेली, नोकरीसाठी अर्ज करत होती. पुढारी ओसरीवरच होता. म्हणाला, आण इकडे. ही म्हणाली, पत्र सुनेच्या नावाचं आहे, सहीही तीच करेल. तो ओरडला, तरी ही पिशवी छातीशी धरून उभी राहिली. शेवटी सून आतून आली, सही केली आणि पत्र घेऊन आत गेली. आठवड्याभरात वरच्या कार्यालयात तक्रार पोचली. डाक वाटणारी बाई वेडी आहे, सोबत पिसाळलेलं कुत्रं फिरवते, गावाच्या जिवाला धोका आहे.

चौकशीला एक तरुण इन्स्पेक्टर आले. तक्रार करणारा पुढारीही येऊन बसला. बाई आल्या आल्या कुत्र्याने नवीन माणूस पाहून गुरगुर केली. ती कडक आवाजात म्हणाली, “साहेब, गप बेस.” इन्स्पेक्टर नुकतेच खुर्चीतून उठून काही बोलणार होते, ते तोंड मिटून खाली बसले. मी कपाटात तोंड घालून कागद शोधत राहिलो.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी नीट, सावकाश विचारलं की तुम्हाला मानसिक आजार आहे असं म्हणतात, खरं आहे का. मी मनात म्हटलं, बाई, आता तरी नाही म्हणा. ही नोकरी गेली तर तांड्यावर दुसरी नाही.

तिने पिशवीतून दवाखान्याची वही काढली आणि टेबलावर ठेवली.

“आहे,” ती म्हणाली. “गोळ्या खातो मी रोज. पुढाऱ्याले शुगर आहे, तेही खाते गोळ्या. त्याले कोणी पंचायतीतून उठवलं नाही. एक पत्र चुकलं असंन, फुटलं असंन, तर मले काढा. आजारासाठी काढत असान, तर तसं कागदावर लिहून द्या.”

पुढाऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

इन्स्पेक्टर म्हणाले, मी तुमच्यासोबत फेरी करतो. आम्ही तिघे निघालो, साहेब पुढे. कपाशीच्या मधून तांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर ती एकाएकी गप्प झाली. कुत्रं वळलं, ढुशा देऊ लागलं. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली, चेहरा पांढरा पडला, दात वाजत होते. इन्स्पेक्टर पाणी घेऊन धावले, तर तिने हातानेच लांब राहायला सांगितलं. कुत्रं मांडीवर पडलेलं. तिची बोटं त्याच्या मानेच्या केसांत रुतलेली. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग तिने तोंड पुसलं, पिशवी तपासली आणि उठली. म्हणाली, चला, अजून अकरा पत्रं आहेत. अकराही पत्रं त्या दिवशी वाटली गेली. इन्स्पेक्टरांनी अहवालात काय लिहिलं ते मला कळलं नाही, पण नोकरी राहिली. जाताना त्यांनी बिस्किटाचा पुडा विकत घेऊन कुत्र्याला घातला आणि त्याला नावाने हाक मारताना जरासे अडखळले.

पुढच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत साहेबला साप चावला. तिने त्याला शेताच्या धुऱ्यावरच पुरलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नवरा सांगायला आला, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी तांड्यावर गेलो. तिने वळून पाहिलं नाही. टपालाची काळजी करू नका, असं काहीतरी मी पुटपुटलो. भिंतीकडेच पाहत ती म्हणाली, “आज नाही येत. उद्या बी नाही. पण माही पिशवी दुसऱ्याले देऊ नका.”

मी दिली नाही. गावातलं टपाल मीच वाटलं, तांड्यांवरचं तिचा नवरा माझ्यासोबत येऊन दाखवत गेला. मधे ती त्याच्याबरोबर यवतमाळला जाऊन आली, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. विसाव्या दिवशी सकाळी ती दारात उभी. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. लोकांनी तिच्यासाठी दोन-तीन पिल्लं आणून पाहिली होती, तिने परत केली होती.

“कुत्रं गेलं, मास्तर,” ती म्हणाली. “आजार आहे. अन् मी बी आहे. द्या पिशवी.”

त्यानंतर तिला रस्त्यात एकटीला बसलेलं मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ती आपली आपण उठली.

आता मी निवृत्त झालो, आणि तिने नवऱ्याच्या शेतीसाठी पुसदकडे बदली मागून घेतली. पण जायच्या आधीचा एक गुरुवार सांगतो. तिने रजा मागितली. तब्येत बरी नाही का विचारलं, तर म्हणाली, माझी बरी आहे. डाक वाटणाऱ्याला प्रत्येक घराचं आतलं दिसतं. कोणत्या घरात कोणती बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते, हे तिला माहीत होतं. ती दारात पत्र देऊन थांबायची आणि स्वतःचंच सांगायची. अशा तीन जणी तिच्याबरोबर यवतमाळच्या डॉक्टरकडे जायला तयार झाल्या होत्या.

मी सहज स्टॉपपर्यंत गेलो. तिघी पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीचा नवरा वाट अडवून म्हणत होता, वेड्याच्या दवाखान्यात बायको नेली म्हणून लोक थुंकतील.

“लोकायले मी सांगीन,” बाई म्हणाली. “तू फक्त बाजूले सरक.”

तो सरकला. एस.टी. आली, तिघी चढल्या, मागून बाई चढली. त्यांना जागा करून देऊन स्वतः उभी राहिली. कंडक्टरने घंटी दिली. तो नवरा रस्त्यातच उभा होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, धावत जाऊन त्याने दार पकडलं आणि वर चढला. बाईने सरकून त्याला दांडा धरायला जागा दिली, आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली.